यंत्र आधी फिर्यादीच्या दारी

न्यूयॉर्क म्हटलं की डोळ्यांसमोर मॅनहॅटनच्या इमारती येतात. पण त्याच नावाच्या राज्यात शहर मागे टाकून उत्तरेला निघालं, की शेतं, गोठे, सफरचंदाच्या बागा आणि हजार-दोन हजार वस्तीची गावं लागतात. या गावांत मिळून बाराशेच्या आसपास छोटी कोर्टं आहेत. कोर्ट बहुधा संध्याकाळी भरतं. कुठे गावच्या सभागृहात, कुठे बर्फ उपसणाऱ्या गाड्यांच्या गॅरेजला लागून असलेल्या खोलीत. न्यायाधीश लोकांनी निवडून दिलेला असतो आणि तो कायदा शिकलेलाच असावा अशी अट नाही. दिवसा दुकान किंवा शेती सांभाळणारा माणूस संध्याकाळी किरकोळ गुन्ह्यांचे खटले चालवतो आणि माणसाला तुरुंगातही धाडू शकतो.

या कोर्टांत लघुलेखक नसे. कोण काय बोललं, आरोपीला त्याचे हक्क सांगितले की नाही, याची नोंदच होत नसे. अपील करायचं तर वकिलाने आठवेल तेवढं शपथपत्रात लिहायचं, न्यायाधीशाने आठवेल तसं त्याला उत्तर द्यायचं, आणि वरच्या कोर्टाने त्या दोन आठवणींतून निकाल लावायचा. २००८ मध्ये राज्याच्या न्यायालयीन प्रशासनाने या कोर्टांतल्या कामकाजाचं ध्वनिमुद्रण सक्तीचं केलं आणि त्यासाठी लॅपटॉप पाठवले. गरीब आरोपीच्या वकिलाला त्यातून पहिल्यांदाच हाताशी धरण्याजोगा पुरावा मिळाला. अर्थात ते यंत्र त्याच्यासाठी घेतलेलं नव्हतं. कोर्टाचं काम नीट व्हावं म्हणून ते आलं आणि त्याचा फायदा त्यालाही झाला, इतकंच.

सरकारी खर्चाने आरोपीचा बचाव करणारी कार्यालयं अमेरिकेत शंभरावर वर्षांपासून आहेत. त्यांचा इतिहास निकालपत्रांतून पुष्कळदा सांगितला जातो. टेबलावरच्या साधनांच्या अंगाने तो पाहिला तर एक क्रम कायम दिसतो. नवं यंत्र आधी पोलिसांकडे जातं, मग सरकारी वकिलाकडे, मग कोर्टात, आणि बचावाच्या वकिलाकडे सगळ्यांत शेवटी. खेड्यातल्या कार्यालयाचा नंबर तर त्याच्याही मागे. आणि यंत्र येतं तेव्हा पुष्कळदा कामाचा नवा ढीग घेऊन येतं.

कल्पना मांडली ती क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झ या बाईंनी. पाच मुलांची आई, नवरा सोडून गेलेला. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात सनद मिळवून त्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पहिल्या महिला वकील झाल्या. १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या धर्मपरिषदेतलं विवेकानंदांचं भाषण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या काही आठवडे आधी तिथल्याच कायदेविषयक परिषदेत फोल्ट्झबाईंनी प्रश्न केला, की खटला भरायला सरकार पगारी वकील ठेवतं, तर बचाव करायला का ठेवू नये? वीस वर्षांनी लॉस एंजेलिस काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सनदेत तशी तरतूद झाली आणि जानेवारी १९१४ मध्ये वॉल्टन वुड यांच्या हाताखाली देशातलं पहिलं असं कार्यालय उघडलं.

पण ते शहरात. खेड्यापाड्यात १९६० पर्यंत रीत वेगळीच होती. कोर्टात त्या दिवशी जो वकील हजर असेल त्याच्याकडे न्यायाधीश बोट दाखवी, आणि तो बिचारा पाच मिनिटं आरोपीशी बोलून उभा राही. फी नाममात्र, नाहीतर काहीच नाही. अनेक राज्यांत तेवढंही नव्हतं. गुन्हा देहदंडाचा नसेल तर सरसकट वकील द्यायला राज्य बांधील नाही, असंच १९४२ च्या ‘बेट्स विरुद्ध ब्रेडी’ खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणून बसलं होतं.

ते बदललं एका पेन्सिलीने. फ्लोरिडातल्या पनामा सिटीजवळ एका पूल-रूममध्ये, म्हणजे बिलियर्ड्सच्या अड्ड्यात, जून १९६१ मध्ये चोरी झाली. सिगारेटच्या मशीनमधली नाणी आणि थोडी दारू, एवढाच ऐवज. क्लॅरेन्स अर्ल गिडियन नावाच्या, आधी तुरुंगवाऱ्या केलेल्या पन्नाशीच्या माणसाला पकडलं. त्याने वकील मागितला. न्यायाधीशाने सांगितलं, फ्लोरिडाच्या कायद्यात तशी सोय नाही. गिडियनने आपला खटला आपणच चालवला, हरला आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन रेफर्डच्या तुरुंगात गेला. तिथून त्याने सुप्रीम कोर्टाला अर्ज केला. कागद तुरुंगाचा, रेघांचा. वर पत्रव्यवहाराचे नियम छापलेले, खाली पेन्सिलीने काढलेली सुटी सुटी ठळक अक्षरं. गरिबीचं शपथपत्र जोडलेलं नव्हतं म्हणून पहिल्या खेपेला अर्ज परत आला. कोर्टाच्या कारकुनाने सोबत नियम आणि नमुना धाडला. तो पाहून गिडियनने पुन्हा लिहिलं आणि जानेवारी १९६२ मध्ये अर्ज दाखल झाला. पैसेवाल्या पक्षकाराला त्या काळी अर्जाच्या चाळीस प्रती द्याव्या लागत. निर्धनाची एक चाले.

१८ मार्च १९६३ रोजी निकाल आला. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात वकील परवडत नसेल तर राज्याने तो दिलाच पाहिजे. ऑगस्टमध्ये गिडियनचा खटला नव्याने चालला. आता त्याच्या बाजूने फ्रेड टर्नर हे स्थानिक वकील उभे होते. पूल-रूमचा परिसर त्यांच्या पायाखालचा होता. खटल्यापूर्वी त्यांनी तिथे जाऊन लोकांशी बोलणी केली आणि फिर्यादीच्या मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी अशी घेतली, की ज्युरीने तासाभरात गिडियनला निर्दोष सोडलं. आरोप तेच होते, गाव तेच होतं, न्यायाधीशही तेच. फरक पडला तो वकिलाने हिंडून चौकशी करायला दिलेल्या वेळामुळे. पुढे जी जी यंत्रं आली त्यांचा हिशेब याच मापाने करावा लागतो: त्यांनी हा वेळ वाढवला की खाल्ला?

निकालानंतर फ्लोरिडाने त्याच वर्षी कायदा करून बचाव वकिलांची कार्यालयं उघडली. बाकीची राज्यं आपापल्या चालीने मागून आली. कुठे राज्याने खर्च उचलला, कुठे तो काउंटीवर ढकलला. आणि ज्या काउंटीची तिजोरी रिकामी, तिथे सगळ्यांत कमी दराने काम करणाऱ्या वकिलाला वर्षाचा ठेका देऊन मोकळं व्हायची पद्धत पडली. ठेक्याची रक्कम ठरलेली. खटले पन्नास असोत की पाचशे, त्यातूनच टायपिंग, टपाल, फोन आणि साक्षीदार शोधायला लागणारं पेट्रोल भागवायचं. अशा माणसाने गुन्हा कबूल करून टाकण्याचा सल्ला जरा लवकर दिला, तर त्यात स्वभावाचा दोष थोडा आणि ठेक्याचा जास्त.

याच दशकात सरकारच्या दुसऱ्या बाजूला संगणक आला. जानेवारी १९६७ मध्ये एफबीआयने गुन्हेविषयक माहितीचं राष्ट्रीय केंद्र सुरू केलं. चोरीच्या गाड्या आणि फरारी आरोपी आता दूरच्या पोलीस चौकीतूनही शोधता येऊ लागले. १९६८ च्या कायद्याने गुन्हेगारी रोखण्यासाठी केंद्राचा पैसा राज्यांकडे वाहू लागला. त्यातून वायरलेस, गाड्या, संगणक आले. बचावाच्या वाट्याला त्या मानाने किरकोळ रक्कम आली. आरोपीच्या मागच्या शिक्षांची यादी सरकारी वकिलाला मशीनवर मिळत असताना समोरच्या टेबलावरचा वकील तीच माहिती पिवळ्या पॅडवर हाताने उतरवून घेत होता.

१९७३ मध्ये एका राष्ट्रीय सल्लागार आयोगाने वकिलाच्या कामाला मर्यादा घातली: वर्षाला गंभीर गुन्ह्यांचे १५० किंवा किरकोळ गुन्ह्यांचे ४०० खटले, त्याहून जास्त नकोत. वर्षाचे २०८० तास धरले तर एका गंभीर खटल्याला चौदा तासही येत नाहीत. तरी हा आकडा पन्नास वर्षं मुक्काम ठोकून राहिला, आणि तोही पाळला गेला नाही. २००७ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने मोजदाद केली तेव्हा देशात अशी ९५७ कार्यालयं भरली. काउंटी चालवत असलेल्या कार्यालयांपैकी ४० टक्क्यांकडे चौकशी करायला एकही तपासनीस नव्हता. टर्नरनी जे काम पायी केलं, ते करायला माणूसच नाही.

खेड्याची अडचण अंतराची असते. अलास्काच्या नैर्ऋत्येला कुस्कोक्विम नदीवर बेथेल नावाचं गाव आहे. सहा हजारांच्या आतबाहेर वस्ती, आणि उरलेल्या जगाशी जोडणारा एकही रस्ता नाही. भोवतालच्या त्रिभुज प्रदेशात युपिक लोकांची पन्नासवर खेडी विखुरलेली आहेत. उन्हाळ्यात होडी, थंडीत गोठलेल्या नदीवरून गाडी, आणि एरवी छोटं विमान. अलास्काने १९६९ मध्ये राज्यव्यापी बचाव वकील संस्था उभी केली आणि बेथेलला तिचं कार्यालय आहे. साक्षीदाराला भेटायला विमानाचं तिकीट, हवा बिघडली तर तारीख बुडाली. म्हणून या भागात फोनवरून हजर राहणं ही जुनी वहिवाट आहे. न्यायाधीशाच्या टेबलावरच्या स्पीकरमधून आरोपीचा, वकिलाचा, कधी दुभाष्याचा आवाज येतो. शहरातल्या वकिलांना ही पद्धत कोविडच्या काळात शिकावी लागली, बेथेलवाल्यांचा तो रोजचा धंदा होता.

फोनने पोहोचता येतं, पण वकील आणायचा कुठून? २०२३ च्या सुरुवातीला संस्थेला बेथेल आणि नोम या गावी सर्वांत गंभीर गुन्ह्यांचे नवे खटले घेणं काही काळ थांबवावं लागलं, कारण अनुभवी वकील टिकत नव्हते. हा प्रश्न एकट्या अलास्काचा नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या २०२० च्या पाहणीत तीन हजारांवर काउंट्यांपैकी सुमारे तेराशे काउंट्यांत हजार माणसांमागे एक वकीलसुद्धा नव्हता. साउथ डकोटाने २०१३ पासून खेड्यात पाच वर्षं वकिली करणाऱ्याला वर्षाला बारा हजार डॉलरच्या आसपास द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांना खेड्यात धाडण्यासाठी असतात तशीच ही योजना.

अंतर कापायला आणलेल्या यंत्रांनी कधी नवाच घोळ घातला. इलिनॉयमध्ये १९७२ मध्येच व्हिडिओफोनवर जामिनाची सुनावणी झाल्याची नोंद आहे. १९९९ मध्ये त्याच राज्यातल्या कुक काउंटीने बहुतेक गंभीर खटल्यांत जामिनाची सुनावणी टीव्हीच्या पडद्यावर नेली: आरोपी तळघरात कॅमेऱ्यासमोर, न्यायाधीश वर कोर्टात. काही वर्षांनी अभ्यासकांनी आधीचे आणि नंतरचे आदेश ताडून पाहिले. ज्या खटल्यांची सुनावणी पडद्यावर गेली त्यांत जामिनाची रक्कम सरासरी ५१ टक्क्यांनी चढली होती. जे खून-बलात्कारासारखे खटले समोरासमोरच चालत राहिले त्यांत तशी वाढ दिसली नाही. पद्धत बंद करावी लागली. कुक काउंटी म्हणजे शिकागो, खेडं नव्हे. पण आज पडद्यावरच्या सुनावणीचा आग्रह सर्वांत जास्त होतो तो खेड्यांसाठीच, आणि तेव्हा हा आकडा सहसा कुणी काढत नाही.

फोनचीही गत तीच. तुरुंग साठ मैलांवर असेल तर वकील फोनवरच बोलणार. अमेरिकी तुरुंगांतले फोन खासगी कंपन्या चालवतात आणि कॉल रेकॉर्ड करतात. वकिलाशी झालेलं बोलणं मात्र गोपनीय असायला हवं. २०१५ मध्ये ‘द इंटरसेप्ट’ या वृत्तस्थळाच्या हाती सिक्युरस या अशाच कंपनीच्या सात कोटी कॉलच्या नोंदी लागल्या आणि त्यांत वकिलांना केलेले किमान चौदा हजार कॉल निघाले. पुढे मेन राज्यातल्या काउंटी तुरुंगांतही वकिलांचे कॉल रेकॉर्ड झाल्याचं पत्रकारांनी उघड केलं. मेन हे २००७ च्या मोजदादीत बचाव वकिलाचं एकही सरकारी कार्यालय नसलेलं एकमेव राज्य होतं. २०२२ मध्ये तिथे सरकारने पहिले पाच पगारी बचाव वकील नेमले, ते गावोगाव फिरायला. तुकडीचं नावच ‘रूरल डिफेंडर युनिट’.

पण खरा पूर आला तो पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्याने. २०१४ नंतर तो झपाट्याने पसरला. टेझर या विजेचा झटका देणाऱ्या हत्याराच्या कंपनीनेच कॅमेरे विकले आणि चित्रण साठवायला इंटरनेटवर जागाही विकली. २०१७ मध्ये तिने ॲक्सॉन हे नाव घेतलं. कॅमेऱ्याचा फायदा बचावालाही होतो हे खरंच. पण चित्रण कुणीतरी बसून पाहावं लागतं. समजा, दारू पिऊन गाडी चालवल्याचा साधा खटला आहे. दोन पोलीस, दोन कॅमेरे, दोन तासांची कारवाई, वर पोलीस ठाण्यातलं चित्रण. पाच तासांचा ऐवज झाला. पूर्वी याच खटल्याची फाइल दहा पानांची असे आणि कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता वाचून होई.

न्यूयॉर्कच्या खेड्यांत हे सगळं एकदम येऊन आदळलं. तिथली वकिलांची व्यवस्था काउंट्यांच्या भरवशावर सोडलेली होती. २००७ मध्ये पाच काउंट्यांतल्या गरीब आरोपींच्या वतीने राज्यावर दावा झाला. ‘हरेल-हॅरिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात ऑक्टोबर २०१४ मध्ये राज्याने तडजोड केली: पहिल्या हजेरीलाच वकील द्यायचा, खटल्यांच्या संख्येला मर्यादा घालायची, आणि प्रत्येक वकिलावर किती कामाचा बोजा आहे याची नोंद ठेवायची. पाचांपैकी स्कायलर ही जेमतेम अठरा हजार वस्तीची काउंटी. अशा ठिकाणी बचाव वकिलाचं कार्यालय म्हणजे मोजकी माणसं. तारखांचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि डोक्यात. आता राज्याला आकडे हवे होते, म्हणून खटल्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आलं. वकिलांना तो आधी कारकुनी काच वाटणं स्वाभाविक आहे. मात्र आमच्यावर बोजा जास्त आहे हे विधिमंडळाला सिद्ध करून दाखवायला त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही आलं, तेही त्यातूनच.

१ जानेवारी २०२० पासून त्या राज्यात सरकारी वकिलाने पुरावा आपणहून आणि लवकर देणं बंधनकारक झालं. बचावाची ही कित्येक वर्षांची मागणी होती. मागणी पूर्ण झाली आणि चित्रणाच्या लिंका येऊ लागल्या. प्रत्येक पोलीस खात्याचा कॅमेरा वेगळा, चित्रण उघडणारा प्लेअर वेगळा, लिंकची मुदत वेगळी. गावातलं इंटरनेट संथ. एक फाइल उतरवायला लावून वकील कोर्टात जाणार आणि परत येऊन पाहतो तर मध्येच तुटलेली. चित्रणातलं बोलणं लिहून देणारी सॉफ्टवेअरं आता निघाली आहेत आणि मोठी कार्यालयं ती घेतही आहेत. पण गोंगाटात, घाबरलेल्या आवाजात, वेगळ्या हेलात बोलणाऱ्याचं वाक्य यंत्र चुकीचं उतरवतं आणि ते तपासायला पुन्हा माणूसच बसतो. २०२३ मध्ये रँड ही संशोधन संस्था आणि इतरांनी मिळून १९७३ चे जुने आकडे मोडीत काढले. नव्या हिशेबाने खुनाच्या एका खटल्याला २४८ तास हवेत, सर्वांत खालच्या दर्जाच्या गंभीर गुन्ह्याला ३५. या वाढीमागे चित्रण, फोनमधला मजकूर आणि प्रयोगशाळेचे अहवाल यांचा मोठा हात आहे.

गिडियनच्या निकालाचा आवाज महाराष्ट्रातही पोहोचला, आणि तो पोहोचला एका न पोहोचलेल्या कागदामुळे. बनावट पदव्यांच्या प्रकरणात दोषी ठरलेल्या होस्कोट नावाच्या प्राध्यापकाला सेशन कोर्टाने कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली होती. हायकोर्टाने ती तीन वर्षांची केली. त्याने सुप्रीम कोर्टात धाव घेतली, पण चार वर्षांहून जास्त उशिरा. त्याचं म्हणणं, निकालाची प्रतच मिळाली नाही. हायकोर्टाने ती येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकाकडे पाठवल्याचं कागदोपत्री होतं, कैद्याच्या हाती पडल्याची पोच मात्र नव्हती. ऑगस्ट १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गिडियनच्या खटल्याचा उल्लेख केला आणि दोन गोष्टी घालून दिल्या: शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल मोफत, वेळेत आणि लेखी पोच घेऊन द्यायची, आणि अपिलासाठी गरजूला सरकारी खर्चाने वकील द्यायचा. होस्कोटचं स्वतःचं अपील मात्र फेटाळलं गेलं.

पुढची पायरीही मुंबईचीच. पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. १९८३ च्या निकालात कोर्टाने सांगितलं, की कुणालाही अटक करून कोठडीत आणलं की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवायचं. कळवायचं कशाने? पोलीस ठाण्यात फोन असेलही. समितीकडे तो उचलणारं कुणी बसलेलं असेल याची खात्री नव्हती. मुंबईत १९२४ पासून ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ होती, १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेशीर मदत मार्गदर्शक तत्त्वांत आली, १९८७ चा विधी सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. तरी प्रत्यक्षात हाती लागे तो पॅनेलवरचा वकील: स्वतःची वकिली सांभाळून, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढून काम करणारा.

२००३ मध्ये महाराष्ट्राच्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला मान्यता दिली. साक्षीदार न्यूयॉर्कचा डॉक्टर होता. पुढे तुरुंगांत कॅमेरे बसले आणि पोलिसांची गाडी मिळाली नाही म्हणून तारीख बुडण्याचे प्रकार कमी झाले. मात्र कच्चा कैदी कोर्टात आला की वकिलाशी व्हरांड्यात दोन शब्द बोलता येत, तेही कमी झाले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये साऱ्या देशाने आर्थर रोड तुरुंगाच्या दारावरची जामीन पेटी पाहिली. एका सिनेनटाच्या मुलाला हायकोर्टाने २८ तारखेला जामीन दिला, कागद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या आत पेटीत पडला नाही, आणि सुटका ३० तारखेवर गेली. त्याच्या दिमतीला नामांकित वकिलांची फौज होती. ज्याच्या दिमतीला कुणीच नाही त्याचा कागद किती दिवस अडतो, यावर ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने उपाय सांगितला: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पाठवायची, तारीख ई-प्रिझन्सच्या संगणकात नोंदवायची, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं.

कळवल्यावर धावपळ करायला आता माणसंही आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालयं उभी राहिली. मराठीत पाटी ‘लोकअभिरक्षक कार्यालय’. मुख्य, उपमुख्य आणि सहायक अभिरक्षक, खासगी वकिली बंद, आणि सोबत कारकून, डेटा एंट्री ऑपरेटर, शिपाई. फोल्ट्झबाईंनी मागितलं होतं ते जवळपास हेच. तालुक्याच्या कोर्टात अजून बहुतेक ठिकाणी पॅनेलवरचाच वकील उभा असतो.

त्याच्या टेबलावरही आता चित्रणं येऊ लागली आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, शक्यतो मोबाइलवर. पोलिसांना त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ ॲप मिळालं. दोषारोपपत्राचे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिले तरी ते आरोपीला पोहोचले असं धरलं जातं. पंचनाम्यात पंचांच्या सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या का, हे पूर्वी उलटतपासणीत खोदून काढावं लागे. आता चित्रणात वेळ आणि जागा दिसते. अनुभवी फौजदारी वकिलासाठी ही सोन्याची खाण आहे, पेन ड्राइव्ह उघडायला लॅपटॉप आणि पाहायला दुपार असेल तर. तुरुंगातल्या आरोपीला त्याच्याच खटल्याची फाइल पडद्यावर कुणी आणि कुठे दाखवायची, हे ज्या त्या तुरुंगाच्या सोयीवर राहतं.

केंद्राने फौजदारी न्यायाची सारी माहिती एका जाळ्यात जोडण्यासाठी आयसीजेएस नावाची यंत्रणा उभी केली आहे. तिचे खांब पाच: पोलीस, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सरकारी अभियोक्ते, न्यायालयं आणि तुरुंग. एफआयआरपासून सुटकेपर्यंतचा कागद या पाच ठिकाणांमध्ये आपोआप फिरावा असा बेत आहे. बचाव पक्षाचा खांब त्यात नाही. लोकअभिरक्षक कार्यालयातून पुढची तारीख पाहायची तर ई-कोर्ट्सचं सर्वांसाठी खुलं असलेलं ॲप आहे, आणि दोषारोपपत्राची प्रत हवी असेल तर कोर्टात नकलेचा अर्ज करण्याची जुनी सोयही चालू आहे.